बाटलीवर शेवंता

शेवंताच्या घरी पाहुणा खुर्चीतून उठला की आवाज व्हायचा. पाठीला चिकटलेलं प्लॅस्टिक सुटल्याचा आवाज. पोराच्या लग्नात आलेल्या त्या खुर्च्या. पोराची पोरगी कॉलेजात गेली तरी दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तिनं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात माणूस तिथं बसला की वाफलून निघायचा. एकदा तिनं तलाठ्याला बसवलं होतं. तो भिजून उठला आणि परत कधी आमच्या गल्लीत टेकला नाही. त्या प्लॅस्टिकनं गावावर केलेला हा एकच उपकार.

"काढ की गं ते," मी म्हणायची. "खुर्च्या बसायला असत्यात."

"झाकलेलं टिकतं, गंगाक्का."

"मग नवऱ्याला झाकून ठिवायचं हुतंस."

"त्यो झाकून राहणारा हुता व्हय?" ती म्हणायची. हे मात्र खरं होतं.

टीव्हीचा रिमोट पिशवीत. आधार कार्ड पिशवीत, त्याची झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. नव्या चपला काखेत मारून ती अनवाणी बाजाराला जायची आणि बाजाराच्या तोंडाशी गेल्यावर पायात घालायची. पोरानं तिला कवळी बसवून दिली होती, ती लग्नकार्यापुरती. एरवी कवळी पेल्यात, पेला कपाटात आणि कपाटाला कुलूप. जेवताना तरी घाल म्हटलं तर म्हणायची, "झिजतीया गं." भाकरी दुधात कुस्करून गिळायची आणि दात जपायची.

मी चौथी शिकले, ती दुसरी. पुढं आमची शाळा म्हणजे तंबाखू. निपाणीच्या आसपासच्या बायकांना दुसरी शाळा कुठली? पान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. आमच्या विड्या कारखान्यात जायच्या आणि तिथं कट्ट्यावर, म्हणजे बंडलावर, लेबल चढायचं. लेबलावर एक मिशीवाला. त्या मिशीवाल्यानं जन्मात एक विडी वळली नसेल, पण विकायची ती त्याच्या नावानं. मला त्याचं काही वाटलं नाही. मजुरी मिळाली की मिशी कुणाची का असेना. शेवंताला वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी हसले.

विड्यांचं काम कमी झालं तसा गावात महिला संघ निघाला. अध्यक्ष सुरेखा. बी.ए. झालेली, मास्तरांची सून. तिला बोलायला फार आवडतं, आणि घरी कुणी ऐकेनासं झालं की ती मीटिंग बोलावते. मी सभासद झाले नाही. या वयात टाळ्या वाजवायला शिकणं मला जमलं नसतं. लसूण सोलायला मात्र रोज जायची. चहा मिळायचा, आणि कुणाच्या सुनेनं काय केलं हे वर्तमानपत्राच्या आधी कळायचं.

संघानं आधी मेणबत्त्या केल्या, त्या वाकड्या झाल्या. मग पिशव्या शिवल्या, त्या उसवल्या. शेवटी शेवंतानं कांदा-लसणाची चटणी केली. ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी माणसाला ठिकाणावर आणायला. मिरची ती स्वतः भाजायची, दुसऱ्या कुणाला उलथनं धरू द्यायची नाही. चटणी चांगली व्हायची. तिच्या तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही. तिचं तिला माहीत होतं.

त्याच सुमारास पुण्याच्या पोरानं नवा प्रिंटर घेतला आणि जुना आईकडं आणून टाकला. पोरं जुनं सगळं आईकडंच आणून टाकतात आणि वर म्हणतात, आई, तुला घे. नातीनं फोनवरच लेबल तयार करून धाडलं. मधे लाल मिरची, वर मराठीत 'शेवंता चटणी', खाली तेच कानडीत. आमच्या भागात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून बसच्या काचा फुटतात. त्या बाटलीवर मात्र दोघी एका मिरचीच्या दोन बाजूंना गुमान बसल्या.

पहिला कागद मशीनमधून बाहेर आला तेव्हा सुरेखा म्हणाली, "आक्का, शेवंता नाव जरा जुनं वाटतंय. 'स्वाद' नाहीतर 'रुची' ठेवू या का?"

"प्रिंटर कुणाचा हाय?" शेवंता म्हणाली.

मीटिंग तिथंच संपली. सुरेखाच्या कारकिर्दीतली सगळ्यात आखूड मीटिंग तीच.

बायका गेल्यावर शेवंता तो कागद दोन्ही हातांत धरून बसली होती, कडेकडेनं, जसा गरम तवा धरतात तसा. मला म्हणाली, "घर नवऱ्याच्या नावावर. रान दिराच्या नावावर. विड्या त्या मिशीवाल्याच्या. कशावर तरी माझं नाव असू दे की गं."

"नावानं चटणी तिखट हुत न्हाय."

"कमी पण हुत न्हाय," ती म्हणाली आणि कागद पिशवीत घातला.

एवढंच होतं तिचं म्हणणं. बाटलीवर आपलं नाव लागावं आणि ते राहावं. यापेक्षा मोठ्या मागण्या लोक देवाकडं करतात आणि देव त्या पुऱ्या करतो असंही म्हणतात. हिची मागणी कागदाकडं होती. कागदानं ती बेळगावपर्यंतसुद्धा टिकवली नाही.

बेळगावात कॅम्पात एक मोठं दुकान आहे. मिलिटरीतल्या बायका तिथं सामान घेतात, त्यामुळं दुकानदारालाही थोडी कर्नलची ऐट आलेली. त्यानं नमुना आणा म्हणून सांगितलं होतं. शेवंता आणि सुरेखा निघाल्या, आणि मला डोळे दाखवायचे होते म्हणून मीही गेले. बाटल्या खोक्यात एकीला एक लावून ठेवल्या होत्या. निपाणी ते बेळगाव त्या एकमेकींना घासत गेल्या, भरल्या बसमधल्या बायका घासतात तशा. दुकानात खोकं उघडलं तर मिरचीचं साल निघालेलं, नाव अर्धं पुसलेलं, आणि जिथं तेल पाझरलं होतं तिथं कागदातून पलीकडची चटणी दिसत होती.

दुकानदारानं बोटावर घेऊन चाखली. डोळे पुसले. परत चाखली.

"चटणी चलो ऐती, चांगली हाय," तो म्हणाला. "पण हे काय, आक्का? गाडीला अपघात झालता काय?"

"बसमधी घासलं," शेवंता म्हणाली.

"माझ्या गिऱ्हाइकाला असलं बेड, नको. दसरा झाला की या. नीट दिसणारी बाटली आणा, मग बघतो."

परत येताना ती खिडकीशी बसली होती. हत्तरगीच्या पुढं म्हणाली, "नाव गेलं गं."

"नाव कुठलं जातंय. शाई गेली," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं, पण रस्ता अजून बराच होता.

पुढचे दिवस संघात मजेचे गेले. लेबल वाचवायचं कसं, या विषयात गावातल्या प्रत्येकाला अक्कल होती. सुरेखानं नखपॉलिश लावून बघितलं. शाई त्यातच विरघळली आणि मिरचीला गोवर आल्यासारखं झालं. कुणी म्हणालं मेण चोळा. वाकड्या मेणबत्त्या शिल्लक होत्याच. सावलीत लेबल झकास दिसलं, उन्हात ठेवलं तर सगळ्या गल्लीची धूळ त्यावर येऊन बसली. ब्यूटीपार्लरवालीनं केसांचा स्प्रे मारून दिला. बाटल्यांना नवरीसारखा वास यायला लागला, पण ओलं बोट लागलं की नवरीचं काजळ पसरायचं. मग सुतारानं त्याचं व्हॉर्निश दिलं. कागद पिवळा पडला, आणि शेवंताच्या दिरानं ती चटणी भाकरीला लावून खाल्ली आणि विचारलं, "वैनी, ही खायाची हाय का दाराला लावायची?"

मग शेवंतानं तिला येणारं एकच काम केलं. प्रत्येक बाटली पिशवीत घातली आणि गळ्याला रबर लावलं. आता नावाला कशाचाच धोका नव्हता. ते दिसतही नव्हतं.

"झालं," मी म्हटलं. "आता ह्यात काय हाय ते गिऱ्हाइकानं वासावरनं वळखायचं."

शेवटी निपाणीच्या स्टेशनरीवाल्यानं तिला रुंद पारदर्शक टेप दिली, खोकी बांधायची. तीसुद्धा पहिल्यांदा उचकटली. दर वेळी काहीतरी चुकायचं आणि दर वेळी ती दुसऱ्या कुणाला शिव्या द्यायची, पण पुढच्या वेळी ते चुकायचं नाही. कागद छापल्या छापल्या टेप लावली की शाई फिसकटते, म्हणून कागद रात्रभर वाळू द्यायचे. बाटलीला तेलाचं बोट लागलेलं असलं की टेप धरत नाही, म्हणून भरल्यावर सोड्याच्या पाण्यानं पुसून उन्हात ठेवायची. आणि टेप कागदापेक्षा मोठी कापायची, म्हणजे चारी कडा काचेला चिकटतात आणि आत पाणी किंवा तेल शिरत नाही. विडीचं तोंड ज्या नखानं दुमडायची त्याच नखानं ती कडा दाबत जायची. मधे हवेचा फुगा राहिला तर सोलून टाकायची आणि परत लावायची. एका बाटलीला एवढा वेळ की त्यात मी लसणाचे दोन गड्डे सोलायची.

दसरा तोंडावर आला. कॅम्पात न्यायच्या बाटल्या भरून झाल्या, पुसून झाल्या, सगळ्यांवर वाळलेली लेबलं चिकटवून झाली. टेप लावायची तेवढी राहिली, आणि खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराची पूजा. शेतकरी नांगराची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो. संघाच्या बायकांनी खलबत्ता मांडला, उलथनं मांडलं, मधे झेंडूची माळ घातलेला प्रिंटर, आणि पुढं ओळीनं बाटल्या.

"आधी टेप लाव," मी शेवंताला म्हटलं. "मग काय पूजा करायची ती कर."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवघरात चप्पल घालून गेले. "प्लॅस्टिकवर कुंकू लावू? देवाला फशिवतीस व्हय?"

बघा आता. जिनं खुर्च्या झाकल्या, चपला झाकल्या, स्वतःचे दात झाकून ठेवले, तिला नेमकी त्या दिवशी देवापुढं उघडं राहायची हौस आली. प्रिंटरच्या अंगावर मात्र झालर लावलेलं प्लॅस्टिकचं कव्हर होतं. तिथं देवाला फसवलेलं चालत होतं.

तिनं सगळ्यांवर फुलानं पाणी शिंपडलं. मग हळद, मग कुंकू, ओल्या बोटानं, प्रत्येक बाटलीवर, बरोबर नावाच्या वर. उदबत्ती फिरवली. आरती म्हणून होईपर्यंत शाई निघाली. आधी मिरचीनं पाय सोडले, मग मराठी खाली आली, कानडी तिच्याआधीच बुडाला पोचली होती. कुंकवाचं लाल कुठलं आणि मिरचीचं कुठलं ते कळेना. एका बाईनं घाईनं पदरानं पुसायला घेतलं, त्यानं उरलंसुरलं गेलं.

सुरेखानं मीटिंगसुद्धा बोलावली नाही, यावरून काय झालं असेल ते समजा. शेवंता खाली बसली आणि एकेक बाटली उचलून बघू लागली, एखाद्या तरी बाटलीवर राहिलं असेल म्हणून. कुठंच राहिलं नव्हतं. मी लसूण सोलत राहिले. म्हणण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, पण तिनं पुन्हा पहिल्या बाटलीपासून बघायला घेतलं, आणि अशा बाईला बोलण्यात मजा नसते.

"नारळ फोडा," शेवटची बाटली खाली ठेवून ती म्हणाली. "पूजा अर्धी ठिऊ नये."

दसरा उलटल्यावर शाई आणली, पुन्हा छापलं, पुन्हा वाळवलं, टेप लावली. या वेळी देवाला विचारलं नाही. बसमध्ये घासू नयेत म्हणून तिनं जुन्या पोलक्यांच्या बाह्या कापल्या आणि एकेका बाटलीला एकेक बाही घातली. निम्म्या गल्लीची पोलकी तिनं मागून आणली होती. कॅम्पातल्या त्या दुकानात काउंटरवर खोकं उघडलं तेव्हा कर्नलच्या ऐटीतल्या त्या माणसानं माझ्या हिरव्या पोलक्याच्या बाहीतून बाटली बाहेर ओढली. माझ्या आयुष्यात माझ्या पोलक्याला एवढ्या मोठ्या बाजारात कुणी हात घातला नव्हता.

बाटली स्वच्छ निघाली. दुकानदारानं उजेडात फिरवली. ओल्या फडक्यानं पुसली. नखानं नावावर ओरखडा काढला. मग कडेला नख घालून टेप उचकटायला लागला. टेप सुटेना. त्यानं किल्ली घेतली. टेप सुटेना.

"आक्का, हे निघतंय कसं?"

"निघत न्हाय," शेवंता म्हणाली. तिला एवढं फुललेलं मी तिच्या पोराच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"निघालं पायजे," दुकानदार म्हणाला. "पुढच्या खेपंला लेबल लावूच नका. माल चलो ऐती, दर महिन्याला घेतो. लेबल आमचं लागंल, दुकानाचं. छापखान्यातलं, सोनेरी हाय."

शेवंतानं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि परत बाहीत घातली. सुरेखा म्हणाली, "आम्ही मीटिंग घेऊन कळवतो."

मीटिंग झाली. मी दाराशी बसून ऐकली. बायकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दर महिन्याला माल जाणार, शाई नको, टेप नको, बाह्या नकोत. कुणाचं पोर शाळेत, कुणाचा नवरा घरात बसलेला. त्यांना चटणी खपायला हवी होती, कुणाच्या नावानं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मला तरी विड्यांच्या वेळी कुठं होतं? हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर झाले. शेवंताचे दोन्ही मांडीवर.

"आक्का, नाव गेलं तरी चटणी तुमचीच की," सुरेखा म्हणाली.

"विड्या पण माझ्याच हुत्या," शेवंता म्हणाली.

सुरेखानं मीटिंगची वही मिटली. ती म्हणाली, "रुसू नका, आक्का."

"रुसायला मी काय नवरी हाय? चटणी तुमास्नी येतीया, मीच शिकिवलीया. करा, घाला. माझं मशीन तेवढं मी नेतो." आणि झालरीच्या कव्हरासकट तो प्रिंटर तिनं डोक्यावर घेतला आणि भर दुपारी गल्लीतून घरी नेला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'नेते' म्हणत नाहीत, 'नेतो' म्हणतात. अंगात जोर असतो तोवर म्हणतात.

संघाची चटणी आता कॅम्पात सोनेरी लेबलाखाली खपते. चांगली खपते. सुरेखाचा सत्कार झाला, शाल मिळाली, भाषण झालं. शेवंता घरी एकटीच मिरची भाजायची. तिच्या धुरानं आमची गल्ली खोकायची. मी जाऊन सांगितलं, "ह्या वयात कशाला हे सोंग? गप जाऊन संघात बस. चार बायका हायत, चहा हाय."

"तू लसूण सोलाय येणार का न्हाय तेवढं सांग."

"न्हाय," मी म्हटलं आणि लसणाची टोपली पुढं ओढली.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. फार आजारी पडली नाही, फार कुणाला कळवलंही नाही. त्याआधीच्या पंधरवड्यात मी तिला निपाणीच्या बाजारात बघितलं होतं, तेच शेवटचं. मी दवाखान्याच्या गोळ्या घेऊन बस पकडायला निघाले होते. लिंबंवाल्याच्या आणि बांगड्यावाल्याच्या मधे गोणपाट टाकून ती बसली होती, पुढं मोजक्या बाटल्या. एक तरुण बाई हेल्मेट हातात घेऊन उभी होती. कुठल्यातरी बँकेतली असावी, गळ्यात ओळखपत्र होतं. तिनं बाटली उचलली, अंगठा जिभेला लावला आणि नावावर घासला. घरगुती मालावर शिकलेल्या लोकांचा भरवसा असा असतो. मला वाटलं, आता शेवंता हातावर फटका देणार.

"घासा," शेवंता म्हणाली. "जोरानं घासा."

बाईनं घासलं. मग नखानं खरवडलं. मग जरा शरमली आणि बाटली नीट धरून वाचू लागली, आधी कानडी, मग मराठी.

"हे शेवंता म्हंजे कोण? तुमच्या गावची देवी का?"

"मी," शेवंता म्हणाली. "आडवी धरू नका, तेल गळंल."

मी हाक मारणार होते. पण बाई पर्स उघडत होती, आणि गिऱ्हाईक पर्स उघडत असताना मधे तोंड घालणाऱ्या बाईला बाजारात कुणी बरं म्हणत नाही. मी मेथीची एक जुडी घेतली आणि बस पकडली.